तोंडातल्या जखमेचा पत्ता शोधणारे डॉ. खानोलकर

मिरज स्टेशनवर सकाळच्या गाड्यांमधून उतरणाऱ्या गर्दीत एक्स-रेची मोठी पाकिटं आणि फायली घेतलेली माणसं हमखास दिसतात. जत, आटपाडी, पंढरपूर, अथणी, बेळगाव अशा सगळ्या बाजूंनी लोक इथे उपचारांना येतात. ही सवय जुनी आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि आज मिरजेत कॅन्सरसाठी वेगळं हॉस्पिटलही आहे. तिथे येणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट असतातच. त्यातल्या कुणाच्याही केसपेपरवर एक रकाना ठरलेला असतो: तंबाखू खाता का, कोणती, किती वर्षं?

हा प्रश्न आज इतका साधा वाटतो की कुणीतरी तो पहिल्यांदा शिस्तीत विचारला असेल, हे आपल्या डोक्यातही येत नाही. भारतात हे काम ज्यांनी पक्क्या पायावर उभं केलं, त्यांत सर्वांत मोठं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं. ते मिरजेचे नव्हते, त्यांची सगळी कारकीर्द मुंबईत गेली. पण मिरजेतल्या डॉक्टरने गालातल्या पांढऱ्या चट्ट्याकडे बघून तंबाखूची चौकशी करावी, यामागे त्यांचं काम आहे. एमआरआय नव्हता, कॉम्प्युटर नव्हता, डीएनएची रचनाही कुणाला माहीत नव्हती, अशा काळात त्यांनी हे कसं केलं ते बघूया.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे नेमकं कोण?

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. घेऊन भारतात परतले. परदेशी पदवी हातात असलेल्या डॉक्टरला तेव्हा मुंबईत प्रॅक्टिस टाकून चांगला पैसा कमावता आला असता. त्यांनी मात्र शिकवणं आणि प्रयोगशाळा हा मार्ग धरला. केईएम हॉस्पिटलला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले.

पॅथॉलॉजिस्ट हा पेशंटला सहसा भेटत नाही. त्याच्याकडे येतो तो पेशंटच्या शरीरातला छोटासा तुकडा. त्यालाच आपण बायोप्सी म्हणतो. तो तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही. मग मेणात बसवून त्याची चौकोनी वडी करतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्या वडीचे पातळ काप काढतात. किती पातळ? साधारण ४-५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहूनही पातळ. काप काचेच्या पट्टीवर घेऊन दोन रंग देतात. एकाने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी होतो. मग मायक्रोस्कोपखाली दिसतं की पेशी नीट थरात बसल्या आहेत, की थर मोडून, वेड्यावाकड्या वाढत आत घुसल्या आहेत. घुसल्या असतील तर तो कॅन्सर.

गंमत म्हणजे ही पद्धत आजही जवळपास तशीच आहे. मिरजेत आज दिलेली बायोप्सीसुद्धा याच वाटेने जाते.

टाटा मेमोरियल आणि एक मोठा गैरसमज

२८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, त्यांच्या स्मृतीसाठी टाटा ट्रस्टने ते उभारलं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली.

त्या काळी अनेकांची, अगदी डॉक्टरांचीही समजूत होती की कॅन्सर हा मुख्यतः पाश्चात्त्य देशांचा रोग आहे आणि भारतात तो तुरळक होतो. आकडेच नव्हते, त्यामुळे हे खोडून काढणंही अवघड होतं. लोक घरीच मरत. मृत्यूचं कारण कुणी नीट लिहीत नसे. तोंडात गाठ आली तर कुणी ते दैवावर ढकले, कुणी गावठी औषध लावे.

टाटा हॉस्पिटल सुरू झालं आणि पहिल्यांदाच देशभरातले कॅन्सरचे पेशंट एका छताखाली येऊ लागले. खानोलकरांच्या टेबलावर काचपट्ट्यांचा ढीग लागला. त्यात एक गोष्ट ठळक होती. युरोप-अमेरिकेत एकूण कॅन्सरमध्ये तोंडाच्या कॅन्सरचा वाटा लहान असे, इथे मात्र तोंड आणि घशाचेच पेशंट रांग लावून येत होते.

१००० पेशंट, एकामागून एक

१९४४ मध्ये खानोलकरांनी कॅन्सर रिसर्च या अमेरिकन नियतकालिकात मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरवर एक लेख लिहिला. त्यात १००० रुग्णांचा आढावा होता. हे १००० जण निवडून घेतलेले नव्हते, लागोपाठ आलेले होते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्या म्हणण्याला सोयीचे पेशंट वेचून घेतले तर काहीही सिद्ध करता येतं. जो येईल तो मोजायचा, असं ठरवलं की ती पळवाट बंद होते.

आता खरी युक्ती बघा. तोंड म्हणजे एकच जागा नाही. ओठ, गालाची आतली बाजू, हिरडी, जिभेचं टोक, जिभेचं मूळ, टाळू, टॉन्सिल, या सगळ्या वेगळ्या जागा आहेत. पेशंटला तोंडाचा कॅन्सर आहे एवढंच लिहून थांबलं तर फार काही कळत नाही. पण कॅन्सर नेमका कुठे आहे, आणि हा माणूस कुठला, काय खातो, काय ओढतो, हे शेजारी शेजारी लिहीत गेलं की चित्र उमटायला लागतं.

खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून ते चित्र हळूहळू स्पष्ट झालं. दख्खनकडचे, म्हणजे आपल्या भागातले लोक पान-तंबाखू किंवा चुना लावून मळलेली तंबाखू गालात धरून ठेवत. त्यांच्यात गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर जास्त. विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाशी आणि घशाकडे जास्त, कारण धूर तिथे जाऊन आदळतो. थोडक्यात, जिथे बार, तिथे जखम.

धोतर, चुट्टा आणि खैनी

जागेवरून कारण शोधायची ही पद्धत त्यांनी पुढच्याच वर्षी आणखी ताणून बघितली. १९४५ मध्ये डॉ. सूर्याबाई यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी भारतातल्या चालीरीतींशी जोडलेल्या कॅन्सरचे तीन प्रकार मांडले.

पहिला धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळलेल्या धोतराच्या रेषेवर कातडी घासली जाते, काळी पडते, आणि काहींच्या बाबतीत नेमक्या त्याच पट्ट्यावर कॅन्सर होतो.

दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीवर काही लोक, विशेषतः बायका, चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडाच्या आत ठेवून ओढत. टाळूचा कॅन्सर एरवी कमी दिसतो, पण या लोकांत तो दिसत होता.

तिसरा खैनीचा. बिहारकडे तंबाखू-चुन्याची चिमूट खालच्या ओठाच्या खोबणीत ठेवायची पद्धत, आणि कॅन्सरही खालच्या ओठाचा.

तीन प्रांत, तीन सवयी, शरीरावरच्या तीन जागा. कॅन्सर म्हणजे नशिबाचा भाग असं म्हणणाऱ्यांना यातून मोठं उत्तर मिळालं. नशीब धोतराच्या गाठीचा पत्ता शोधत बसत नाही!

तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखू-पान यांचा संबंध आपणच पहिल्यांदा पाहिला असं मात्र खानोलकरांच्या बाबतीत म्हणता येणार नाही. १९३३ मध्येच त्रावणकोरमधल्या पेशंटांवर डॉ. ऑर यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं. खानोलकरांनी केलं ते वेगळं. एका भागातलं निरीक्षण त्यांनी देशभरातल्या पेशंटांवर तपासलं, मायक्रोस्कोपची जोड दिली, आणि ते काम पुढे चालू राहील अशी यंत्रणा उभी केली.

योगायोग की कारण?

इथे एक अडचण येते. कॅन्सरच्या १०० पेशंटांपैकी ८० जण तंबाखू खाणारे निघाले असं समजा. यावरून तंबाखूने कॅन्सर होतो हे सिद्ध झालं का? नाही. कदाचित त्या भागात एकूण माणसांतलेच ८० टक्के तंबाखू खात असतील. मग या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

तुमच्या फोनवरचं ॲप सारखं बंद पडतं असं धरा. कंपनी काय करते? फक्त ज्यांचं ॲप बंद पडलं त्यांचे फोन बघून भागत नाही. ज्यांचं नीट चालतंय त्यांचेही फोन बघावे लागतात. बंद पडणाऱ्यांमध्ये एक ठराविक व्हर्जन खूप दिसतं आणि चालणाऱ्यांमध्ये ते कमी दिसतं, असं आढळलं की मग त्या व्हर्जनवर संशय घ्यायचा.

वैद्यकशास्त्रात याला केस-कंट्रोल अभ्यास म्हणतात. लंडनमध्ये डॉल आणि हिल या दोघांनी १९५० मध्ये याच पद्धतीने सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, आणि ते जगभर गाजलं. १९५५ मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये असाच अभ्यास मांडला. विषय होता तंबाखू ओढणं, तंबाखू चघळणं आणि तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचा कॅन्सर. कॅन्सर असलेले आणि नसलेले, दोन्ही गटांना त्यांच्या सवयी विचारल्या होत्या. चघळण्याचा संबंध तोंडाच्या पुढच्या भागाशी आणि ओढण्याचा मागच्या भागाशी, हे आता तुलनेच्या आधारावर उभं राहिलं.

तुम्ही लक्ष दिलंत का? मुंबईचे हे डॉक्टर लंडनच्या मागे फक्त पाच वर्षं होते, आणि त्यांचा प्रश्न आपल्या मातीतला होता. लंडनला कुणी गालात तंबाखू धरत नव्हतं.

माणसं घडवणारा माणूस

१९५२ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू केलं आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. रोग ओळखणं हे हॉस्पिटलचं काम, तर तो का होतो हे शोधणं या केंद्राचं. तिथे डॉक्टरांच्या बरोबरीने जीवशास्त्रज्ञ, आनुवंशिकतेचे अभ्यासक, आकडेवारीचे जाणकार असे लोक आले. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा टीम आणि लॅब टीम एकाच इमारतीत बसवली.

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलच्या पानावर मायक्रोस्कोपजवळ बसलेल्या एका बाईंचं डूडल आलं होतं, आठवतंय? त्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे. त्यांनी १९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. पुढे अमेरिकेत शिकून त्या याच केंद्रात परतल्या आणि शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, म्हणजे टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा त्यांनी इथे उभी केली.

खानोलकरांची नजर एका रोगावर थांबली नाही. कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये कसे शिरतात यावर त्यांनी बारकाईने काम केलं. रक्तगटांचा अभ्यास केला. किरणोत्सर्गाच्या परिणामांवर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या वैज्ञानिक समितीत ते भारताकडून होते. काही काळ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांना पद्मभूषण मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं जे संशोधन केंद्र आहे, तिथल्या एका इमारतीचं नाव खानोलकर शोधिका आहे.

त्यांच्यानंतर काय कळलं?

खानोलकरांना जागा आणि सवय यांचा संबंध दिसला होता. आत नेमकं काय घडतं, ते नंतर उलगडत गेलं.

तंबाखूत नायट्रोसमाइन नावाची द्रव्यं असतात. ती पेशींच्या डीएनएला चिकटून त्यात चुका घडवतात. चुना अल्कलीधर्मी असल्यामुळे तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालातून झपाट्याने रक्तात जातं. म्हणून तर चुना लावलेली तंबाखू चढते. शिवाय चुन्याने तोंडातली नाजूक त्वचा सोलवटते आणि विषाला वाट मिळते. गालात अर्धा तास बार धरला तर हे सगळं एकाच जागी अर्धा तास चालू राहतं.

सुपारी निरुपद्रवी, असं बरेच जण मानतात. ते चूक आहे. सुपारीमुळे गालाच्या आत दोऱ्यांसारखा कडक थर तयार होतो आणि तोंड उघडेनासं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला तंबाखूशिवायही कॅन्सरकारक ठरवलं. त्यामुळे मावा असो किंवा तंबाखू नसलेला पानमसाला, सुटका नाही.

मोजणीचं कामही थांबलं नाही. १९६३ मध्ये मुंबईत शहरातल्या सर्व कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणारी देशातली पहिली रजिस्ट्री सुरू झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंत-संशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये १ लाखाहून जास्त लोकांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. कॅन्सर होण्याआधी तोंडात पांढरे-लाल चट्टे दिसतात, आणि ते तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये दिसतात, हे अशा पाहण्यांमधून पक्कं झालं.

दात घासायची तंबाखू

आता आपल्या घरातलं. सांगली-साताऱ्याच्या कितीतरी घरांत आजी, मावशी, कधी आईसुद्धा सकाळी मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. घासून झाल्यावरही ती बराच वेळ तोंडात राहते. काहींना दिवसातून तीन-चार वेळा लागते. दात दुखतो म्हणून सुरू केलेली मशेरी मग आयुष्यभर सुटत नाही.

दातांच्या स्वच्छतेच्या नावाखाली रोज निकोटीन रक्तात जात असतं. त्याचा परिणाम तोंडापुरता राहत नाही. मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायका प्रामुख्याने मशेरी लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन इतरांपेक्षा सरासरी साधारण १०० ग्रॅमने कमी भरलं. म्हणजे हिरडीला चोळलेली पूड पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. केंद्र सरकारने १९९२ मध्येच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कुठला कायदा अडवणार?

तोंड आणि बाकीचं शरीर वेगळं नाही, याचं आणखी एक उदाहरण म्हणजे डायबेटिस. साखर जास्त असेल तर हिरड्या लवकर सुजतात, आणि हिरड्यांची सूज जुनी झाली की साखर आटोक्यात आणणं अवघड जातं. दोन्ही एकमेकांना बिघडवतात. घरात कुणाला डायबेटिस असेल तर त्यांना वर्षातून एकदा तरी दातांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

एवढं माहीत असूनही?

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तंबाखूच्या पुड्यांवर २०१६ पासून ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र छापावं लागतं. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण दर चार प्रौढांमागे एक जण तंबाखू वापरत होता, आणि त्यातले बहुतेक ओढणारे नव्हते, खाणारे किंवा लावणारे होते. तोंडाचा कॅन्सर आजही भारतीय पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये आहे.

वाईट याचं वाटतं की हा कॅन्सर दिसतो. पोटातली किंवा फुप्फुसातली गाठ बघायला मशीन लागतं. गालातला चट्टा आरशात दिसतो. तरी बहुतेक पेशंट खूप उशिरा येतात, कारण सुरुवातीला तो दुखत नाही. लवकर सापडला तर छोट्या ऑपरेशनवर भागू शकतं. उशीर झाला तर जबडा काढायची वेळ येते.

घरी काय बघायचं?

फोनचा टॉर्च लावा आणि आरशासमोर उभे राहा. आजी-आजोबांचं तोंड तुम्हीच बघा, कवळी असेल तर काढायला सांगा.

- ओठ उलटून आतली बाजू बघा. मग दोन्ही गाल बोटाने ओढून आत बघा. बार जिथे धरतात ती जागा नीट बघा.
- जीभ वर, खाली आणि दोन्ही कडांनी बघा. मग टाळू आणि हिरड्या.
- पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, विनाकारण हलणारा दात, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर थांबू नका.
- स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तोंड उघडणं कमी झालंय.

फोटो काढून ठेवला तर डॉक्टरला आधीची स्थिती दाखवता येते. पण फोटोवरून किंवा एखाद्या ॲपवरून निदान होत नाही. त्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे जावंच लागतं. मिरजेचं सरकारी हॉस्पिटल आहे, सांगलीत दंत महाविद्यालयं आहेत, तिथे तपासणी होते. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तोच पुडीवरही छापलेला असतो.

आणि तपासताना खानोलकरांचा प्रश्न विसरू नका. चट्टा दिसला तर तो कुठे आहे ते बघा, आणि आजीला विचारा, मशेरी लावताना बोट नेमकं कुठे फिरतं. दोन्ही जागा एकच निघाल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळचीच गाडी पकडा.